हौशी संकेतस्थळांचे साहित्यमूल्य

परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या घरी एक पेटी बहुधा असतेच. एका बदलीच्या वेळी ती दोरीने आवळून बांधलेली असते आणि पुढच्या दोन-तीन बदल्यांत ती सोडलेलीच नसते. तिच्यात वडिलांची पत्रे असतात, मंडळाच्या हस्तलिखित मासिकाचे दोन-चार अंक असतात, एखाद्या नाटकाची नक्कल असते, आणि आईच्या अगर आजीच्या हातची एखादी वही असते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या पेटीला एक धाकटे भावंड झाले आहे. ते म्हणजे घरातल्याच कोणी तरी हौसेने उभे केलेले संकेतस्थळ. पेटीप्रमाणेच तेही एकदा मोठ्या उत्साहाने भरले जाते आणि पुढे कित्येक वर्षे कोणी त्याची दोरी सोडीत नाही.

संकेतस्थळ म्हणजे काय, हे आज कोणास सांगावयास नको. बंगळूरसारख्या शहरात तर त्याची बांधणी हा असंख्य माणसांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. मला येथे विचार करावयाचा आहे तो या उद्योगाचा नव्हे. लेखापरीक्षण खात्यातला, रेल्वेतला, बँकेतला किंवा विमानाच्या कारखान्यातला मराठी माणूस कचेरीतून परतल्यावर, जेवणे आटोपल्यावर, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसून जे पान जुळवतो, मोडतो आणि पुन्हा जुळवतो, त्या खटपटीचा हा विचार आहे. त्याला हे काम कोणी सांगितलेले नसते व त्याबद्दल कोणी पैही देणार नसते. अशा खटपटीतून निर्माण होणाऱ्या वस्तूस साहित्य म्हणून काही मोल आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या कसोटीवर जोखावे, असा प्रश्न आहे.

आपल्या समीक्षेने या प्रश्नाकडे जवळजवळ पाठच फिरविली आहे. छापील कवितासंग्रह कितीही किरकोळ असला, तरी त्याला चार ओळींचा अभिप्राय मिळतो. हौशी संकेतस्थळाच्या वाट्याला मात्र दोनच गोष्टी येतात : मंडळाच्या वार्षिक समारंभात पाठीवर थाप, किंवा संगणक व्यवसायातल्या तरुण मंडळींचे मिस्कील हसू. दोहोंच्या मुळाशी ‘हौशी आहे, चालायचेच’ ही एकच भावना असते. पण हौशी रंगभूमीस आपण असे कधी वागविले नाही. १९५४ साली तत्कालीन मुंबई राज्याने नाट्यस्पर्धा सुरू केल्या, तेव्हापासून गावोगावच्या कारकून-शिक्षकांनी उभ्या केलेल्या प्रयोगांना परीक्षकांनी गुण दिले, दोषही दाखविले. आणि त्या कठोरपणामुळेच हौशी रंगभूमीला प्रतिष्ठा आली. ज्या कृतीचे दोष दाखविण्याचे कष्ट आपण घेत नाही, तिला आपण मनातून क्षुद्रच लेखीत असतो.

प्रथम या माध्यमाचा एक विशेष लक्षात घ्यावयास हवा. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत या जाळ्याची कल्पना मांडली ती १९८९ साली. १९९१ मध्ये त्याचे पहिले संकेतस्थळ झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे सारे तंत्र कोणतेही शुल्क न आकारता जगाला खुले करून दिले. या तंत्रात पान कसे बांधले आहे ते लपून राहत नाही. कोणत्याही साध्या पानाची मूळ संहिता वाचकाला पाहता येते. मथळा कोठे सुरू झाला, परिच्छेद कोठे संपला, याच्या खुणा साध्या अक्षरांतच लिहिलेल्या असतात. छापखान्यात वाचकास मज्जाव असतो, येथे तो थेट खिळ्यांच्या पेटीपाशी जाऊन उभा राहू शकतो. हौशी माणसाने हे माध्यम जवळ केले याचे खरे कारण हेच होय. दुसऱ्याचे पान पाहावे, त्यातील चार ओळी उतरून घ्याव्यात, दोन बदलाव्यात आणि काय होते ते बघावे, हीच त्याची पाठशाळा.

ही वृत्ती आपल्याकडे नवी आहे असे मात्र नाही. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यातील काम पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःच लाकडी यंत्र तयार केले, शाईचे प्रयोग केले आणि १८३१ साली मराठी पंचांग छापून काढले. हे काम त्यांना कोणी शिकविले नव्हते. पाहावे, करावे, चुकावे आणि पुन्हा करावे, हाच त्यांचा क्रम. मराठी मुद्रणाच्या आरंभीच असा एक खटपट्या माणूस उभा आहे, ही गोष्ट आपल्याला भूषणावह आहे. पण त्या पंचांगाचा विचार करताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्याने ते विकत घेतले असेल, त्याने यंत्र लाकडाचे आहे की लोखंडाचे, याची चौकशी केली नसेल. तिथी-नक्षत्रे बरोबर आहेत की नाहीत, एवढेच त्याने पाहिले असेल. हौशी संकेतस्थळांची परीक्षाही येथूनच सुरू व्हावयास हवी.

तशी ती केली असता पहिला दोष तत्काळ नजरेत भरतो. या स्थळांपैकी बहुतेकांवर यंत्राची मशागत फार आणि पीक थोडे, अशी अवस्था असते. आरंभीच्या काळात सरकत जाणारी अक्षरे, लुकलुकणारे दिवे, किती पाहुणे येऊन गेले ते मोजणारा आकडा आणि ‘काम चालू आहे’ अशी पाटी, हा थाट असे. आता तो थाट गेला. त्याची जागा अधिक सोज्ज्वळ व्यसनाने घेतली. साध्या लेखांच्या धारिकांपासून आपोआप संकेतस्थळ बांधून देणारी साधने निघाली. ‘जेकिल’ २००८ मध्ये आले, ‘ह्यूगो’ २०१३ मध्ये. ती उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. पण आमचे एक स्नेही गेल्या काही वर्षांत एका साधनावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून तिसऱ्यावर आपले बिऱ्हाड तीन वेळा हलवून बसले आहेत. आणि या तिन्ही बिऱ्हाडांतील सामान म्हणजे तेच सात लेख. त्यांपैकी तीन लेख बिऱ्हाड कसे हलविले याविषयीचे आहेत! सुताराने रंधा परजीत बसावे आणि पाट कधीच करू नये, त्यातला हा प्रकार आहे. ‘माझ्याविषयी’ हे पान सर्वांत घोटीव आणि मुख्य लेखनाचे पान सर्वांत रोडके, हे तर या वर्गाचे लक्षणच म्हणावे लागेल.

मात्र एवढ्यावरून ही खटपट व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इंग्रजीत पान जुळविणाऱ्याला जो प्रश्न कधीच पडला नाही, तो मराठी हौशी माणसाच्या पुढे पहिल्याच दिवशी उभा राहिला. तो प्रश्न अक्षराचा होता. देवनागरीला ‘युनिकोड’ या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत स्थान मिळाले होते. परंतु सामान्य माणसाच्या टेबलावरील संगणकात ती सोय पोहोचली ती ‘विंडोज २०००’ आणि ‘एक्सपी’ यांच्याबरोबर. त्यांतील ‘मंगल’ या अक्षररूपाचे शिल्पकार र. कृ. जोशी हे कवी आणि सुलेखनकार होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी अशी आहे. तोपर्यंतच्या मधल्या काळात ‘शिवाजी’, ‘किरण’ यांसारखे टंक वापरून लोकांनी मराठी लिहिले. या टंकांत मराठी केवळ डोळ्यांना दिसत असे. संगणकाच्या पोटात रोमन अक्षरांचीच गर्दी असे, आणि तो टंक ज्याच्याजवळ नाही त्याला मराठीच्या जागी निरर्थक कचरा दिसे.

या अडचणीतून वाट काढणाऱ्या साधनांत बंगळूरच्या मराठी माणसाने एका ऋणाचा उल्लेख केलाच पाहिजे. शेषाद्रिवासू चंद्रशेखरन यांनी १९९८ साली कन्नड लेखनासाठी ‘बरह’ हे साधन तयार केले. कन्नडमध्ये या शब्दाचा अर्थच ‘लेखन’ असा आहे. पुढे त्यात देवनागरीचीही सोय झाली, आणि रोमन कळफलकावर उच्चाराप्रमाणे बोटे चालवून कित्येकांनी आपले पहिले मराठी पत्र त्यावर लिहिले. भाषांच्या सीमेवरून माणसे भांडत असताना एका कन्नड माणसाच्या साधनाने मराठी अक्षरे उमटत होती, ही लहान गोष्ट नव्हे. त्यानंतरच्या काळात ‘गमभन’ हे मराठी साधन आले. ते संकेतस्थळाच्या पानातच बसविता येई, त्यामुळे वाचकास निराळे काही घ्यावे लागत नसे. त्याच्या नावातच आपल्या पहिल्या इयत्तेची पाटी आहे. ही दोन्ही साधने आरंभी कोणा मोठ्या कारखान्याच्या योजनेतून निघाली नाहीत. ती ज्याला स्वतःला अडले त्याने केली. हौशी खटपटीचे समर्थन करावयाचे तर ते याच ठिकाणी करता येते.

अशी खटपट करणाऱ्याला आपली लिपी नव्याने दिसू लागते. संकेतस्थळाच्या संहितेत भाषेची नोंद म्हणून ‘एम्’ व ‘आर्’ ही दोन रोमन अक्षरे लिहिली, आणि टंकात तशी सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात. ती नोंद नसली तर हिंदी वळणाची. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढून ही वळणे निश्चित केली. पण जो मनुष्य रात्री अकरा वाजता ती दोन अक्षरे लिहून आपल्या पानावरील ‘ल’ बदललेला पाहतो, त्याला तो निर्णय जसा कळतो, तसा तो परिपत्रक वाचून कळत नाही. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवावे लागे, आणि दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी शोधताना एक सापडे व दुसरे हुकत असे. लेखकाला अक्षराची इतकी जाण असणे हे वाङ्मयबाह्य नव्हे. जुन्या काळी पोथी लिहिणाऱ्याला बोरूची जशी जाण असे, तशीच ही आहे.

आता मी माझीच एक चूक सांगतो, कारण या विषयात काय पणाला लागले आहे ते तिच्यावाचून स्पष्ट होणार नाही. २००१ च्या सुमारास मीही एक संकेतस्थळ केले होते. आईने लग्नानंतरच्या वर्षांत एका वहीत ओव्या उतरवून ठेवल्या होत्या; काही तिच्या आजीकडून आलेल्या, काही तिच्या स्वतःच्या. त्या मी त्या वेळच्या एका टंकात टंकलिखित केल्या आणि फुकट मिळणाऱ्या जागेवर ठेविल्या. ती जागा पुढे बंद झाली. त्याच सुमारास बंगळूरातच एका घरातून दुसऱ्या घरात जाताना जुने कागद निवडीत असता, ‘ओव्या संगणकावर चढल्याच आहेत, आता वही कशाला?’ असे मीच म्हणालो, आणि वही रद्दीत गेली. काही वर्षांनी युनिकोडमध्ये सर्व आणावे म्हणून शोध घेतला, तेव्हा बहिणीला पूर्वी विरोपाने पाठविलेली एकच प्रत हाती आली. त्या प्रवासात काही जोडाक्षरांचे संकेत गळून गेले होते.

रूपांतर करणाऱ्या साधनानेही आपली भर घातली. जुन्या टंकात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकीत आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम याच्या उलट, म्हणजे उच्चाराप्रमाणे असतो. साधनाने हा फरक नीट सांभाळला नाही की ‘धर्म’चा ‘धमर्’ होतो. असे शेकडो शब्द मी हाताने दुरुस्त केले. गळालेली जोडाक्षरेही अर्थावरून बहुतेक बसली. पण माहेरच्या वाटेविषयीच्या एका ओवीत, ‘वाटेत किती’ या शब्दांनंतर ‘दया’ असा शब्द उरला होता. तेथे मूळचा ‘दया’च होता, की ‘दऱ्या’ होता आणि त्यातला अर्धा ‘ऱ’ गळाला? वाटेतल्या दऱ्या मोजणारी सासुरवाशीण मला समजते. आणि त्याच वाटेवर भेटणाऱ्या माणसांची दया आठवणारीही समजते. दोन्ही अर्थ बसतात. आईला विचारावे, तर ती तोपर्यंत राहिली नव्हती. अर्ध्या अक्षरापायी एका बाईचे मन कोणत्या बाजूला झुकले होते ते आता कोणालाच कळावयाचे नाही.

सरकारी नोकरांना या प्रकाराचे मर्म समजावून देण्यास लांब जावयास नको. जो दुसऱ्याच्या जागेवर लिहितो, तो सरकारी क्वार्टरात राहतो. भिंतीला खिळा मारावयाचा तरी परवानगी हवी, आणि आदेश येताच घर खाली करावयाचे. १९९४ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ने हौशी लोकांना घरे देताना मोहल्ले पाडले होते, घरांना क्रमांकही दिले होते. १९९९ मध्ये ती ‘याहू’ने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये तिची अमेरिकेतील वसाहत बंद केली. काही स्वयंसेवकांनी शेवटच्या महिन्यांत जमेल तेवढी पाने उतरून घेतली, म्हणून त्या वसाहतीचा मोठा भाग निदान अभ्यासासाठी शिल्लक आहे. आज मराठी माणूस आपले लेखन ज्या मोठमोठ्या कंपन्यांच्या भिंतींवर चिकटवितो, त्या भिंतीही क्वार्टराच्याच. त्यापेक्षा स्वतःचे नाव घेऊन उभारलेले स्थळ बरे; २०१४ पासून ‘.भारत’ असे देवनागरी नावही मराठीसाठी घेता येते. पण हेही नाव मालकीचे नसते; ते दर वर्षी किंवा काही वर्षांनी पैसे भरून चालू ठेवावे लागते. सेवानिवृत्त गृहस्थ निवर्तल्यावर मुलांना त्या भाड्याची तारीख ठाऊक नसते, आणि आयुष्यभराचे लेखन एका सकाळी नाहीसे होते. ‘इंटरनेट आर्काइव्ह’सारखी संस्था १९९६ पासून जाळ्यावरील पानांच्या प्रती जपत आली आहे, पण सर्वच पाने तिच्या हाती लागतात असे नाही, आणि जुन्या टंकातले पान सापडले, तरी तो टंक नसला की पुन्हा रोमन कचराच हाती येतो.

यावरून या लेखनप्रकाराच्या कसोट्या कोणत्या असाव्यात ते आपोआप सुचते. पहिली कसोटी अर्थातच आशयाची : येथे असे काही लिहिले आहे काय, जे या माणसावाचून दुसऱ्या कोणी लिहिले नसते? पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतील मतांचा पुनरुच्चार येथे नको. पण एखाद्याने आपल्या खात्यातील जुन्या कामाची पद्धत, बेळगाव-धारवाडकडच्या घरातील मराठी बोली, किंवा मल्लेश्वरमच्या बाजारात पन्नास वर्षे ऐकलेली मिश्र भाषा टिपली असेल, तर त्याच्या पानावर दिवे लुकलुकले तरी मी ते आनंदाने सहन करीन. दुसरी कसोटी टिकाऊपणाची : साधन बदलले, कंपनी बुडाली, तरी मजकूर साध्या धारिकेत वाचता येईल काय? आणि तिसरी वारशाची : करणाऱ्याच्या पश्चात दुसऱ्या कोणाला ते हाती घेता येईल, असे त्याने काही लिहून ठेवले आहे काय? या दृष्टीने पाहिले असता साधे, ओबडधोबड, हाताने लिहिलेले पान हे पुष्कळदा भपकेदार पानाहून श्रेष्ठ ठरते. ते ज्याला नुसते वाचता येते, त्याला दुरुस्तही करता येते.

हल्ली यंत्रालाच दोन वाक्यांत सांगून सबंध संकेतस्थळ बांधून घेता येते. ज्याला लिहावयाचे आहे आणि जुळवाजुळवीचा कंटाळा आहे, त्याने ते खुशाल करावे. त्यामुळे वर सांगितलेले रंधा परजण्याचे व्यसन सुटेलही. परंतु ‘दऱ्या’तला ‘ऱ’ गळाला आहे हे ज्याने कधी स्वतः अक्षरे जुळविली नाहीत त्याच्या ध्यानात येईल, याची मला खात्री वाटत नाही. ते पाहण्यासाठी कोणी तरी पानाच्या पोटात डोकावलेले असावे लागते.

आपल्या परंपरेत या कामाला फार मोठे दाखले आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती प्रतीप्रतीतून शिरलेले अपपाठ पाहूनच. आणि याच बंगळूरात शहाजीराजांच्या दरबारी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीची ‘राधामाधवविलासचंपू’ कोणी तरी उतरून ठेवली होती, म्हणून राजवाड्यांना ती १९२२ साली प्रसिद्ध करता आली. या शहरातले त्या काळचे मराठी जीवन आपल्याला दिसते, ते ज्या कोणी ती प्रत केली त्याच्या कष्टांमुळे. तीनशे वर्षांनी आपल्या काळाकडे वळून पाहणाऱ्याला आपल्या कचेऱ्यांच्या नस्त्या कदाचित मिळतील. आपण घरी काय बोलत होतो, कशाला हसत होतो, हे त्याला कळावयाचे तर ते या हौशी पानांतूनच.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. मंडळाने वर्षातून एक संध्याकाळ अशा पानांच्या परीक्षणाला द्यावी. कोणी नवे साधन बसविले त्याचे कौतुक पाच मिनिटांत उरकावे आणि उरलेला वेळ मजकूर वाचण्यात घालवावा. दोष स्पष्ट सांगावेत. जाताना प्रत्येक पानाची एक छापील प्रत ग्रंथपालाच्या हवाली करावी. आणि मूळ वही कोणीही रद्दीत घालू नये.

माझे संकेतस्थळ आता पुन्हा उभे आहे. त्यावर काहीही लुकलुकत नाही. त्या ओवीत मी ‘दऱ्या’ असे छापले आहे, कारण वाट डोंगराची होती. आणि खाली बारीक अक्षरांत टीप दिली आहे : पाठभेद, ‘दया’.